अँटिसेन्स न्यूक्लिइक आम्ल

अँटिसेन्स न्यूक्लिइक आम्ल म्हणजे पेशीतील एखाद्या आरएनए रेणूच्या क्रमाला पूरक क्रम असलेला, एकेरी धाग्याचा आरएनए किंवा डीएनए रेणू. हा रेणू लक्ष्य आरएनएशी क्षारकांच्या जोड्या जुळवून बांधला जातो आणि त्या आरएनएचे पुढे काय होणार हे बदलतो. लक्ष्य बहुधा संदेशवाहक आरएनए असते. त्यामुळे मूळ जनुकात कोणताही फेरफार न करता त्या जनुकापासून किती आणि कोणत्या स्वरूपाचे प्रथिन तयार होईल यावर नियंत्रण ठेवता येते. जीवाणूंपासून मानवापर्यंत अनेक सजीवांत असे रेणू नैसर्गिकरीत्या आढळतात. १९७८ पासून प्रयोगशाळेत आणि १९९८ पासून औषध म्हणूनही त्यांचा वापर होत आहे.

अँटिसेन्स म्हणजे जनुक ‘बंद करणे’ असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. पूरक क्रमामुळे केवळ लक्ष्याची ओळख पटते. त्यानंतर लक्ष्य आरएनए कापला जाईल, अडवला जाईल की वेगळ्या रीतीने जोडला जाईल, हे तो रेणू कोठे बांधला गेला, त्याची रासायनिक घडण कशी आहे आणि पेशीतील कोणती प्रथिने त्या जागी काम करतात यांवर अवलंबून असते. म्हणूनच या एकाच तत्त्वाने एखादे प्रथिन कमी करता येते, तसेच ते वाढवताही येते.

## संज्ञा आणि मूलतत्त्व

डीएनए रेणू परस्परपूरक अशा दोन धाग्यांचा बनलेला असतो. ॲडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन येते; आरएनएमध्ये थायमीनच्या जागी युरॅसिल असते. प्रतिलेखनाच्या वेळी दोहोंपैकी एक धागा साचा म्हणून वापरला जातो आणि त्यावरून संदेशवाहक आरएनए तयार होतो. या आरएनएचा क्रम साच्याच्या समोरील धाग्याशी जुळतो. प्रथिनाचा ‘अर्थ’ वाचता येईल असा हा क्रम असल्याने त्याला सेन्स, तर त्याला पूरक असलेल्या क्रमाला अँटिसेन्स म्हणतात.

दोन पूरक धागे परस्परविरुद्ध दिशांनी धावतात, म्हणून अँटिसेन्स क्रम उलट्या बाजूने लिहावा लागतो. उदाहरणार्थ, संदेशवाहक आरएनएवरील एखादा तुकडा ए-यू-जी-सी-सी-ए असा असेल, तर त्याच दिशेने वाचल्यास त्याचा डीएनए स्वरूपातील अँटिसेन्स तुकडा टी-जी-जी-सी-ए-टी असा होतो.

सहा क्षारकांचा असा तुकडा पेशीत असंख्य ठिकाणी सापडेल. तो एकाच ठिकाणी बसावा यासाठी पुरेशी लांबी लागते. प्रत्येक जागी चार पर्याय असल्याने १६ क्षारकांच्या साखळीचे ४ चा १६ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे क्रम संभवतात. मानवी जनुकसंचात सुमारे ३१० कोटी क्षारक-जोड्या आहेत. म्हणजेच १६ किंवा अधिक क्षारकांचा क्रम केवळ योगायोगाने दुसरीकडे तंतोतंत सापडण्याची शक्यता कमी असते. बहुतेक कृत्रिम अँटिसेन्स रेणू १६ ते ३० क्षारकांचे असण्यामागे हे एक कारण आहे. अशा लहान साखळ्यांना ऑलिगोन्यूक्लियोटाइड म्हणतात.

लांबी पुरेशी असली तरी प्रत्येक अँटिसेन्स रेणू परिणामकारक ठरत नाही. आरएनए पेशीत सरळ दोरीसारखा नसतो. तो स्वतःवरच दुमडून गाठी आणि फासे तयार करतो. लक्ष्याचा भाग अशा दुमडीत किंवा प्रथिनांखाली झाकलेला असेल, तर पूरक क्रम असूनही जोडी जुळत नाही. त्यामुळे योग्य जागा शोधण्यासाठी एकाच आरएनएवरील अनेक ठिकाणे तपासून पाहावी लागतात.

## कार्यपद्धती

### लक्ष्य आरएनएचे विच्छेदन

डीएनए आणि आरएनए यांची मिश्र जोडी पेशीत तयार झाली की आरनेझ एच हे विकर ती ओळखते आणि तिच्यातील केवळ आरएनएचा धागा कापते. डीएनएचा धागा अखंड राहून मोकळा होतो व पुढच्या लक्ष्याला चिकटू शकतो. त्यामुळे एकच अँटिसेन्स रेणू अनेक संदेशवाहक रेणूंचा नाश घडवू शकतो. हे विकर केंद्रक आणि पेशीद्रव्य या दोन्ही ठिकाणी कार्यरत असते. प्रथिनाचे प्रमाण घटवणारी बहुसंख्य अँटिसेन्स औषधे याच मार्गाने काम करतात.

### भाषांतरणात अडथळा

रायबोसोम संदेशवाहक आरएनएवर जेथे बसतो किंवा जेथून वाचन सुरू करतो, त्या जागी अँटिसेन्स रेणू बांधला गेल्यास रायबोसोमला जागाच मिळत नाही. आरएनए शाबूत राहतो, परंतु त्यापासून प्रथिन तयार होत नाही. जीवाणूंमधील अनेक नैसर्गिक अँटिसेन्स आरएनए असे काम करतात.

### स्प्लायसिंगमध्ये बदल

केंद्रक असलेल्या पेशींत प्राथमिक आरएनएमधून इंट्रॉन नावाचे भाग काढून टाकले जातात आणि एक्झॉन नावाचे भाग एकमेकांना जोडले जातात. या प्रक्रियेला स्प्लायसिंग म्हणतात. कोणता एक्झॉन ठेवायचा आणि कोणता वगळायचा हे आरएनएवरील काही संकेतस्थळे ठरवतात. असे स्थळ अँटिसेन्स रेणूने झाकले, तर एखादा एक्झॉन वगळला जातो किंवा एरवी वगळला जाणारा एक्झॉन समाविष्ट होतो. या ठिकाणी आरएनए कापला जाऊन चालत नाही. म्हणून आरनेझ एचला ओळखता येणार नाही अशी रासायनिक घडण मुद्दाम निवडली जाते.

### आरएनए हस्तक्षेप

दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत गेल्यास त्याचे सुमारे २१ ते २३ क्षारकांचे तुकडे होतात. त्यांपैकी एक धागा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो आणि पूरक आरएनए शोधण्यासाठी वापरला जातो. पेशी स्वतः तयार करीत असलेले सूक्ष्म आरएनएही याच प्रथिनाच्या साहाय्याने काम करतात. लक्ष्य ओळखण्याचे तत्त्व येथेही अँटिसेन्सचेच आहे; मात्र मार्गदर्शक धागा एकटा नसून प्रथिनाच्या आधाराने काम करतो. त्यामुळे आरएनए हस्तक्षेप हा सामान्यतः स्वतंत्र विषय मानला जातो.

## निसर्गातील अँटिसेन्स आरएनए

### प्लाझ्मिडांची संख्या

जीवाणूंमध्ये मुख्य गुणसूत्राखेरीज प्लाझ्मिड नावाची डीएनएची लहान वर्तुळे असतात. कोलाय जीवाणूतील कोल-ई-१ या प्लाझ्मिडाच्या प्रतींची संख्या एका पेशीत साधारण १५ ते २० इतकी राखली जाते. या नियंत्रणाचा उलगडा जुन-इची तोमिझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये केला. प्लाझ्मिडाची प्रत तयार होण्यासाठी आरएनए-२ नावाचा सुमारे ५५५ क्षारकांचा आरएनए आरंभबिंदूपाशी डीएनएला चिकटावा लागतो. त्यानंतर आरनेझ एच त्याला कापते आणि कापलेल्या टोकापासून नवा डीएनए तयार होऊ लागतो. याच जागेच्या समोरील धाग्यावरून आरएनए-१ हा सुमारे १०८ क्षारकांचा अँटिसेन्स आरएनए तयार होतो. तो आरएनए-२ ला जोडला गेल्यास आरएनए-२ ची आवश्यक घडी बनत नाही आणि प्रत तयार होणे थांबते.

या व्यवस्थेचा गाभा आरएनए-१ च्या अल्पायुष्यात आहे. तो सतत तयार होतो आणि लगेच नष्टही होतो, त्यामुळे त्याचे प्रमाण त्या क्षणी उपस्थित असलेल्या प्लाझ्मिडांच्या संख्येच्या प्रमाणात राहते. प्लाझ्मिडे वाढली की आरएनए-१ वाढतो आणि नव्या प्रती थांबतात. प्लाझ्मिडे कमी झाली की आरएनए-१ घटतो आणि प्रती पुन्हा तयार होऊ लागतात.

### बाह्य आवरणातील छिद्रे

कोलाय जीवाणूच्या बाह्य आवरणात ओम्प-एफ नावाचे छिद्र तयार करणारे प्रथिन असते. मासायोरी इनोये यांच्या गटाने १९८४ मध्ये दाखवून दिले की, मिक-एफ नावाचा लहान आरएनए ओम्प-एफच्या संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीच्या भागाला जोडला जातो आणि त्या प्रथिनाचे उत्पादन घटवतो. कोल-ई-१ मध्ये अँटिसेन्स आरएनए आणि लक्ष्य हे दोन्ही डीएनएच्या एकाच जागेवरून तयार होतात, त्यामुळे ते पूर्णपणे पूरक असतात. मिक-एफचे जनुक मात्र गुणसूत्रावर दूर अंतरावर असून तो आपल्या लक्ष्याशी अंशतःच जुळतो. अशा जोडीला अनेकदा एचएफक्यू नावाच्या प्रथिनाचे साहाय्य लागते.

### विष आणि उतारा

आर-१ या प्लाझ्मिडावर हॉक आणि सॉक ही जनुकांची जोडी असते. हॉकपासून पेशीला मारक ठरणारे प्रथिन बनते. सॉक हा त्याच्या संदेशवाहक आरएनएला रोखणारा अँटिसेन्स आरएनए आहे. हॉकचा आरएनए दीर्घकाळ टिकतो, तर सॉक फार लवकर नष्ट होतो. पेशीविभाजनानंतर एखाद्या पेशीला प्लाझ्मिड मिळाले नाही, तर तिच्यात आधीचा हॉक आरएनए उरतो, पण सॉकचा नवा पुरवठा होत नाही. विषारी प्रथिन तयार होऊन ती पेशी मरते. अशा रीतीने प्लाझ्मिड असलेल्या पेशीच टिकून राहतात.

### सस्तन प्राणी

मादी सस्तन प्राण्यांच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय केले जाते. हे काम झिस्ट नावाचा लांब आरएनए करतो. उंदरांमध्ये झिस्टच्या विरुद्ध दिशेने त्सिक्स नावाचा अँटिसेन्स आरएनए तयार होतो आणि जे एक्स गुणसूत्र सक्रिय राहायचे आहे त्यावरील झिस्टला तो दाबून ठेवतो. त्सिक्सचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. झिस्टच्या रोमन अक्षरांतील नावाची अक्षरे उलटी लिहून त्याचे नाव ठेवले आहे.

मेंदूतील चेतापेशींमध्ये यूबीई-३-ए या जनुकाची केवळ आईकडून आलेली प्रत कार्यरत असते. वडिलांकडून आलेली प्रत एका लांब अँटिसेन्स आरएनएमुळे मूक राहते. आईकडील प्रत नसल्यास किंवा सदोष असल्यास अँजेलमन संलक्षण हा विकार होतो. २०१५ मध्ये उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात या नैसर्गिक अँटिसेन्स आरएनएच्या विरोधातच कृत्रिम अँटिसेन्स रेणू वापरण्यात आला आणि वडिलांकडील निरोगी प्रत अंशतः सक्रिय झाली.

## शोधाचा इतिहास

१९७७ मध्ये परीक्षानळीतील प्रयोगांतून असे दिसले की, संदेशवाहक आरएनएला पूरक डीएनए जोडल्यास त्यापासून प्रथिन बनणे थांबते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी हे तत्त्व जिवंत पेशींत वापरले. राउस सार्कोमा या विषाणूच्या आरएनएला पूरक असा १३ क्षारकांचा डीएनए तुकडा त्यांनी कोंबडीच्या भ्रूणपेशींना दिला. त्यामुळे विषाणूची वाढ आणि पेशींचे कर्कपेशींत होणारे रूपांतर या दोन्ही गोष्टी रोखल्या गेल्या. त्या काळी मोठा ऋणभारित रेणू पेशीत शिरू शकेल यावर फारसा विश्वास नव्हता. डीएनए तुकडे कृत्रिमरीत्या बनवणे कष्टाचे होते आणि फार थोड्या जनुकांचे क्रम माहीत होते. त्यामुळे या प्रयोगाचा पाठपुरावा काही वर्षे मंदच राहिला. १९८० च्या दशकात नैसर्गिक अँटिसेन्स आरएनएचे शोध आणि डीएनए संश्लेषणाची यंत्रे यांमुळे या क्षेत्राला गती मिळाली.

या काळातील काही निष्कर्ष पुढे तपासणीत टिकले नाहीत. सायटोसीन व ग्वानीन यांची विशिष्ट मांडणी असलेले डीएनए तुकडे प्रतिकारयंत्रणेला चेतवतात असे १९९५ मध्ये स्पष्ट झाले, तेव्हा अँटिसेन्सचे मानले गेलेले काही परिणाम प्रत्यक्षात या चेतनेचे असावेत हे लक्षात आले. त्याच वर्षी सी. एलिगन्स या सूत्रकृमीवरील प्रयोगात सेन्स आरएनए दिल्यावरही जनुक मूक झाले. अँटिसेन्सच्या कल्पनेनुसार हे घडायला नको होते. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये हे कोडे सोडवले. खरे परिणामकारक द्रव्य दुहेरी धाग्याचा आरएनए होते आणि तो दोन्ही प्रकारच्या नमुन्यांत अल्प प्रमाणात मिसळलेला होता. यातूनच आरएनए हस्तक्षेपाचा शोध लागला आणि दोघांना २००६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून चुकीच्या क्रमाचे नियंत्रक रेणू वापरून पडताळणी करणे हा अँटिसेन्स प्रयोगांचा अनिवार्य भाग मानला जातो.

## रासायनिक रूपांतरे

साधा डीएनए किंवा आरएनए तुकडा रक्तातील विकरांमुळे लवकर नष्ट होतो. त्यामुळे औषधात वापरण्यासाठी त्याच्या घडणीत बदल केले जातात.

* फॉस्फोरोथायोएट: साखळीच्या कण्यातील एका ऑक्सिजन अणूच्या जागी गंधकाचा अणू येतो. रेणू अधिक टिकतो, रक्तातील प्रथिनांना चिकटून शरीरात पसरतो आणि आरनेझ एचलाही चालतो.
* शर्करेतील बदल: रायबोज शर्करेच्या दुसऱ्या स्थानी मेथॉक्सिएथिलसारखा गट जोडल्यास लक्ष्याशी जोडी घट्ट होते, परंतु आरनेझ एच काम करीत नाही.
* मॉर्फोलिनो: शर्करा आणि कणा दोन्ही बदललेले असतात. हा रेणू विद्युतभाररहित असतो आणि केवळ अडथळा निर्माण करतो.

पहिले दोन बदल एकत्र करून ‘गॅपमर’ नावाची रचना करतात. तिच्या दोन्ही टोकांना शर्करा बदललेले भाग आणि मध्ये सुमारे दहा क्षारकांचा डीएनए असतो. टोकांमुळे रेणू टिकतो आणि मधल्या भागामुळे लक्ष्य कापले जाते.

## उपयोग

### औषधे

अँटिसेन्स औषधांची नावे ‘र्सेन’ या अंत्याक्षरांनी संपतात. यांतील पहिले औषध, फोमिव्हिर्सेन, अमेरिकेत १९९८ मध्ये संमत झाले. एड्सग्रस्तांच्या दृष्टिपटलाला सायटोमेगॅलो विषाणूमुळे होणाऱ्या संसर्गावर ते डोळ्यात टोचून दिले जाई. एचआयव्हीवरील प्रभावी संयुक्त उपचारांमुळे हा संसर्गच कमी झाला आणि औषध पुढे बाजारातून मागे घेण्यात आले.

मेरुरज्जूजन्य स्नायुक्षय, म्हणजेच एसएमए, या आजारावरील नुसिनर्सेन हे या पद्धतीचे सर्वांत ठळक यश मानले जाते. हा आजार सुमारे दहा हजार जन्मांमागे एका बालकात आढळतो. त्यात एसएमएन-१ हे जनुक नसते किंवा सदोष असते. त्यामुळे स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी मरतात. तीव्र प्रकारात श्वसनयंत्राच्या आधाराविना बहुतेक बालके दोन वर्षांपलीकडे जगत नसत. मानवाकडे एसएमएन-२ हे जवळजवळ तसेच दुसरे जनुक असते. त्याच्या सातव्या एक्झॉनमध्ये सायटोसीनच्या जागी थायमीन आहे. या फरकाने प्रथिनाचा क्रम बदलत नाही, पण स्प्लायसिंगच्या वेळी हा एक्झॉन बहुतांश वेळा वगळला जातो आणि निरुपयोगी, अस्थिर प्रथिन तयार होते.

सातव्या एक्झॉनलगतच्या इंट्रॉनमध्ये हा एक्झॉन वगळण्यास साहाय्य करणारे एक स्थळ आहे. रवींद्र सिंह आणि सहकाऱ्यांनी ते २००६ मध्ये वर्णिले. एड्रियन क्रेनर यांच्या गटाने आणि आयोनिस या कंपनीने विकसित केलेला १८ क्षारकांचा नुसिनर्सेन हा रेणू ते स्थळ झाकतो. सातवा एक्झॉन समाविष्ट होतो आणि एसएमएन-२ पासून पूर्ण प्रथिन मिळते. येथे अँटिसेन्स रेणू प्रथिन घटवत नाही, तर वाढवतो. तीव्र प्रकारच्या अर्भकांवरील चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी ५१ टक्के बालकांत हालचालींच्या टप्प्यांत प्रगती दिसली. औषध न मिळालेल्या गटात ती एकाही बालकात दिसली नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये त्याला संमती मिळाली. हे औषध मेंदूत आपोआप पोहोचत नसल्याने कण्यातील द्रवात टोचावे लागते. पहिल्या चार मात्रांनंतर दर चार महिन्यांनी एक मात्रा आयुष्यभर द्यावी लागते.

डुशेन स्नायुविकृतीवरील एटेप्लिर्सेन हे औषध डिस्ट्रोफिन जनुकाचा ५१ वा एक्झॉन वगळायला लावते, जेणेकरून आखूड पण काही अंशी कार्यक्षम प्रथिन बनावे. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला सशर्त संमती मिळाली. प्रथिनातील वाढ अत्यल्प असल्याने तो निर्णय वादग्रस्त ठरला आणि युरोपीय नियामकांनी २०१८ मध्ये संमती नाकारली.

### शेती

वनस्पतींमध्ये जनुक उलट्या दिशेने बसवून त्यापासून अँटिसेन्स आरएनए तयार करवून घेता येतो. कॅलिफोर्नियातील कॅलजीन कंपनीने या पद्धतीने टोमॅटोतील पॉलिगॅलॅक्टुरोनेझ हे विकर घटवून ‘फ्लेव्हर सेव्हर’ हा वाण तयार केला. हे विकर पिकणाऱ्या फळातील पेक्टिनचे विघटन करते. १९९४ मध्ये विक्रीस आलेले हे पहिले जनुकीय सुधारित फळ होते. विकर मोठ्या प्रमाणात घटले, तरी फळ नरम होण्यास इतर विकरेही कारणीभूत असल्याने अपेक्षित टणकपणा आला नाही. उत्पादन व वाहतुकीचा खर्चही परवडला नाही आणि काही वर्षांतच त्याची विक्री थांबली.

## मर्यादा

लक्ष्य घटवणे म्हणजे आजार बरा करणे नव्हे, हे हंटिंग्टन रोगावरील टॉमिनर्सेनच्या चाचणीतून दिसून आले. हा रेणू सदोष आणि निरोगी या दोन्ही प्रकारचे हंटिंग्टिन प्रथिन घटवत होता. अधिक वेळा मात्रा मिळालेल्या रुग्णांची स्थिती औषध न मिळालेल्यांपेक्षा खालावल्याने मार्च २०२१ मध्ये मात्रा देणे थांबवण्यात आले. चेतापेशींच्या एएलएस या आजाराच्या एसओडी-१ प्रकारावरील टोफर्सेनने मुख्य चाचणीतील ठरावीक उद्दिष्ट गाठले नाही. रक्तातील चेतापेशी-हानीचे निदर्शक घटल्याच्या आधारावर त्याला २०२३ मध्ये अमेरिकेत सशर्त संमती मिळाली.

दुसरी अडचण रेणू योग्य अवयवापर्यंत पोहोचवण्याची आहे. रक्तातून दिलेली ऑलिगोन्यूक्लियोटाइडे मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडात साठतात. विशिष्ट शर्करा जोडून ती यकृतपेशींकडे अधिक नेमकेपणाने पाठवता येतात. परंतु स्नायू, हृदय आणि मेंदू यांच्यापर्यंत त्यांना पोहोचवणे अद्याप अवघड आहे. यकृत व मूत्रपिंडांवरील दुष्परिणाम आणि रक्तबिंबिका घटणे यांमुळे काही औषधांच्या वापरावर बंधने आली.

तिसरी अडचण किमतीची आहे. अमेरिकेत नुसिनर्सेनची मूळ किंमत पहिल्या वर्षासाठी साडेसात लाख डॉलर आणि पुढे दरवर्षी पावणेचार लाख डॉलर होती. भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात एसएमए आणि डुशेन स्नायुविकृती हे दोन्ही आजार तिसऱ्या गटात आहेत. उपचार उपलब्ध असूनही खर्च अतिशय जास्त असलेल्या आजारांचा हा गट आहे. २०२२ मध्ये या धोरणाखालील साहाय्याची मर्यादा प्रतिरुग्ण ५० लाख रुपये करण्यात आली. आजीवन घ्याव्या लागणाऱ्या औषधासाठी ती मूळ किमतीच्या हिशोबाने एका वर्षालाही पुरत नाही.

लक्ष्याचा क्रम माहीत असला की रेणू आखणे तुलनेने जलद असते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. बॉस्टनमधील डॉक्टरांनी बॅटन रोगाच्या एका रुग्णातील अद्वितीय उत्परिवर्तनासाठी २२ क्षारकांचा अँटिसेन्स रेणू घडवला आणि २०१८ मध्ये तो त्या एकाच रुग्णाला दिला. झटक्यांची संख्या व कालावधी घटला, मात्र रोग पूर्णपणे थांबला नाही. एका रुग्णासाठी घडवलेल्या औषधाची सुरक्षितता कशी तपासावी आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, या प्रश्नांवर त्यानंतर नियामक संस्थांनी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास सुरुवात केली.